पिस्तूल बाळगण्याची मुभा आणि खुनांचं प्रमाण : एका अमेरिकी समितीसमोरचा पेच

कमरेला पिस्तूल लावून घराबाहेर पडण्याचा परवाना सहज मिळू लागला, तर खून कमी होतात की वाढतात? अमेरिकेत हा प्रश्न तीसेक वर्षं धुमसतोय. दोन्ही बाजूंच्या लोकांना आपापलं उत्तर तोंडपाठ आहे. २००४ साली मात्र अभ्यासकांच्या एका समितीवर या प्रश्नाचं उत्तर पुराव्यानिशी द्यायची वेळ आली. हे प्रकरण त्या समितीचं. सदस्यांची नावं सार्वजनिक नोंदीत आहेत, पण इथे माणसांपेक्षा त्यांनी घेतलेले निर्णय महत्त्वाचे आहेत, म्हणून नावं गरजेपुरतीच घेतली आहेत.

भारतात शस्त्रास्त्रं हा केंद्राच्या सूचीतला विषय आहे. १९५९ चा शस्त्र कायदा महाराष्ट्रालाही तोच आणि बिहारलाही तोच, त्यामुळे एका राज्याची दुसऱ्याशी तुलना करून कायद्याचा परिणाम शोधायची सोय आपल्याकडे नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आणि तो बदलल्याची तारीखही वेगळी. म्हणजे अभ्यासकाला आयता प्रयोगच मिळाला, असं वाटतं. तो तितका आयता नव्हता, आणि सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

पार्श्वभूमी

पूर्वी अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत पिस्तूल लपवून जवळ बाळगण्याचा परवाना द्यायचा की नाही, हे स्थानिक अधिकारी ठरवत. शेरीफ किंवा पोलिसप्रमुख अर्जदाराला विचारी, तुम्हाला गरज काय? उत्तर पटलं तर परवाना, नाही तर नाही. न्यूयॉर्कमध्ये ही पद्धत १९११ च्या सलिव्हन कायद्यापासून रुळलेली होती. १९८० च्या दशकात हवा बदलली. फ्लोरिडाने १९८७ मध्ये कायदा केला की अर्जदार ठरावीक अटींत बसत असेल, म्हणजे गंभीर गुन्ह्याची नोंद नसेल आणि प्रशिक्षण झालं असेल, तर परवाना दिलाच पाहिजे. अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्नच उरला नाही. एकामागून एक राज्यं त्याच वाटेने गेली आणि समितीचा अहवाल येईपर्यंत असे कायदे ३४ राज्यांत झाले होते.

जानेवारी १९९७ मध्ये जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड या अर्थतज्ज्ञांचा शोधनिबंध आला. त्यांनी १९७७ ते १९९२ या काळातली देशातल्या ३,०५४ काउंट्यांची आकडेवारी घेतली. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका किंवा जिल्हा. निष्कर्ष असा की हे कायदे आल्यावर खून साडेसात टक्क्यांहून जास्त घटले, बलात्कार आणि गंभीर मारहाणीही कमी झाल्या. त्यांनी आणखी एक आकडा दिला आणि वादात तोच सगळ्यात जास्त गाजला. ज्या राज्यांत असा कायदा नव्हता त्यांनी तो १९९२ मध्ये केला असता, तर वर्षाला सुमारे १,५७० खून टळले असते, असं त्यांचं गणित होतं.

युक्तिवाद समजायला सोपा होता. समोरच्याच्या खिशात काय आहे हे गुंडाला कळत नसेल, तर तो हात उचलण्याआधी दहादा विचार करील. विरोधकांचा युक्तिवादही तितकाच सोपा होता. खिशात पिस्तूल असलं की पार्किंगवरून झालेली बाचाबाची गोळीबारापर्यंत जाते, गाडीत ठेवलेली पिस्तुलं चोरीला जाऊन गुन्हेगारांच्या हाती पडतात, आणि समोरचा सशस्त्र असेल या भीतीने गुंडही शस्त्र घेऊनच निघतो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. प्रश्न एवढाच की बेरीज-वजाबाकी करून हाती काय उरतं.

लॉट-मस्टर्ड यांच्या निबंधानंतर वर्षभरात डॅन ब्लॅक आणि डॅनियल नॅगिन यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. त्या काळात हा कायदा केलेल्या दहा राज्यांच्या यादीतून त्यांनी एकटं फ्लोरिडा बाजूला काढलं, आणि खून व बलात्कारावरचा परिणाम दिसेनासा झाला. फ्लोरिडा वगळायला कारण होतं. १९८० मध्ये क्यूबातून बोटींनी मोठा लोंढा आला होता, मायामीत अमली पदार्थांचा धंदा फोफावला होता, आणि त्या राज्याने त्याच सुमारास बंदुकांविषयी इतरही कायदे केले होते. तिथे खून वर जाऊन खाली येण्याला अनेक कारणं होती. अख्ख्या देशासाठी काढलेला निष्कर्ष एका राज्यावर तोललेला असेल, तर तो देशाचा म्हणायचा का?

यानंतर निबंधांवर निबंध आले. २००३ मध्ये इयान आयर्स आणि जॉन डोनाह्यू यांनी जास्त वर्षांची आकडेवारी घेऊन उलट बाजू मांडली. लॉट यांच्या बाजूनेही उत्तरं आली. आमदार आणि वकील यांच्यापुढे दोन्हीकडचे ढीग होते, आणि ज्याला जे हवं ते त्यात सापडत होतं.

नेमका पेच

अशा वेळी अमेरिकेत नॅशनल रिसर्च कौन्सिल या सरकारला शास्त्रीय सल्ला देणाऱ्या संस्थेकडे धाव घेतात. सरकारी खाती आणि काही खासगी प्रतिष्ठानं यांच्या मदतीने बंदुका आणि हिंसा यांवरच्या सगळ्या संशोधनाची झडती घ्यायला एक समिती बसवली गेली. अध्यक्ष होते चार्ल्स वेलफोर्ड. सदस्यांत गुन्हेशास्त्राचे, अर्थशास्त्राचे, संख्याशास्त्राचे आणि मानसोपचाराचे अभ्यासक होते. अहवालाचं एक अख्खं प्रकरण पिस्तूल बाळगण्याच्या कायद्यांना दिलं होतं.

समितीने लॉट यांचीच आकडेवारी घेतली आणि ती १९९२ वर न थांबवता २००० पर्यंत नेली. इथे या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९८५ ते १९९२ मध्ये हा कायदा करणाऱ्या राज्यांची यादी पाहा: आयडाहो, मोंटाना, मेन, वेस्ट व्हर्जिनिया, मिसिसिपी वगैरे. फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया असे अपवाद सोडले तर बहुतेक विरळ वस्तीची. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय अशा मोठ्या शहरांच्या राज्यांनी कायदा केला नव्हता. याच वर्षांत क्रॅक कोकेन या स्वस्त अमली पदार्थाची साथ मोठ्या शहरांवर तुटून पडली. गल्ल्यांमधल्या विक्रेत्यांत टोळीयुद्धं पेटली आणि खून वाढले. न्यूयॉर्क शहरात १९९० मध्ये २,२४५ खून झाले. म्हणजे कायदा न केलेल्या राज्यांत खून वाढत होते, आणि त्यांच्या शेजारी उभी केल्यावर कायदा केलेली राज्यं आपोआप चांगली दिसत होती. आता चित्रफीत थोडी पुढे न्या. १९९० च्या दशकात क्रॅकची लाट ओसरली आणि सर्वांत मोठी घसरण त्याच शहरांत झाली. २००० मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या खुनांचा आकडा ६७३ वर आला, आणि तिथला परवान्याचा कायदा पूर्वीइतकाच कडक होता. देशातलं खुनाचं प्रमाणही १९९१ मधल्या दर लाखाला ९.८ वरून २००० मध्ये ५.५ पर्यंत उतरलं. एकच कायदा, पण आकडेवारी १९९२ ला संपवली की तो गुणकारी दिसतो आणि पुढे नेली की तो गुण पुसट होतो.

याला उपाय म्हणून गणितात इतर कारणांची दखल घ्यायची असते: गरिबी, वस्तीची दाटी, लोकसंख्येची रचना. लॉट यांच्या प्रारूपात, म्हणजे हिशेबाच्या गणिती मांडणीत, लोकसंख्येचे वय, लिंग आणि वंश यांप्रमाणे ३६ तुकडे होते. जवळच्या वयोगटांचे आकडे जवळजवळ एकत्रच हलतात, त्यामुळे त्यांतला कोणता तुकडा नेमकं काय सांगतोय हे गणिताला वेगळं करता येत नाही. हे घटक ठेवून समितीने हिशेब केला तेव्हा खुनांत सुमारे आठ टक्के घट दिसली. सगळे घटक काढून टाकले तेव्हा ती सुमारे दोन टक्क्यांवर आली, म्हणजे शून्यापासून वेगळी करता येणार नाही इतकी. त्याच हिशेबात जबरी चोऱ्या आणि साध्या चोऱ्या वाढलेल्या दिसत होत्या. धाक हेच कारण असेल तर रस्त्यावर अडवून लुटणाऱ्याला तो आधी वाटायला हवा. खून कमी आणि लूट जास्त, हे चित्र धाकाच्या सिद्धान्ताशी जुळत नाही. गणितात कुठे तरी दुसरंच काही मुरतंय, याची ही खूण होती.

आणखी एक बारकावा. प्रारूपात प्रत्येक काउंटीतल्या गुन्ह्यांमागे किती अटका झाल्या हाही घटक होता. विरळ वस्तीच्या काउंटीत एखाद्या वर्षी एकही खून होत नाही. मग खुनांमागे अटका किती? शून्य भागिले शून्य. हा भागाकार होत नाही, म्हणून ती काउंटी त्या वर्षापुरती हिशेबातून गळते. ज्या ठिकाणी एकही माणूस मारला गेला नाही, तीच ठिकाणं खुनाच्या अभ्यासातून बाहेर. दुसरीकडे, गेल्या वर्षीच्या खुनासाठी यंदा अटक झाली की अटकेचं प्रमाण शंभर टक्क्यांच्या वर जातं. शिवाय अनेक पोलीस खाती आपले आकडे वेळेवर पाठवत नाहीत आणि ती पोकळी अंदाजाने भरलेली असते. काउंटी पातळीवरची गुन्हेगारीची आकडेवारी अशा कामासाठी वापरू नये, असा इशारा मायकेल मॉल्ट्झ आणि जोसेफ टारगॉन्स्की यांनी २००२ मध्येच दिला होता.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, बहुतेक हिशेबांत खुनाचा आकडा खाली जातोय तर निदान खुनापुरतं "कायदा उपयोगी" म्हणायचं. हा मार्ग मोहक होता. लोकांना खुनाचीच सर्वांत जास्त काळजी असते, आणि खुनाची नोंदही इतर गुन्ह्यांपेक्षा चोख असते.

दुसरा, समितीने स्वतः एक उत्तम प्रारूप निवडायचं आणि त्याच्या उत्तरावर शिक्का मारायचा. पण कोणतं प्रारूप बरोबर, हेच आकडेवारी सांगत नव्हती. मग ती निवड म्हणजे समितीची आवड ठरली असती, आणि पुढच्या समितीने तिची आवड सांगितली असती.

तिसरा, हिशेब थोडा हलवला की उत्तर किती हलतं ते उघड मांडायचं, आणि उत्तर ठरवता येत नाही असं लिहायचं.

चौथा पर्याय सर्वांत धाडसाचा होता. नुसतं "ठरत नाही" एवढं न म्हणता हे अभ्यास धोरण ठरवताना वापरूच नका, अशी स्पष्ट शिफारस करायची. सदस्यांपैकी जोएल होरोविट्झ यांनी अहवालाला जोडलेल्या परिशिष्टात या पद्धतीच्या मुळाशीच असलेल्या अडचणी मांडल्या होत्या, त्यामुळे या पर्यायाला लागणारी सामग्री समितीच्या हातात होती.

समितीने काय केलं

समितीने तिसरा मार्ग धरला. सध्याच्या पुराव्यावरून या कायद्यांनी हिंसक गुन्हे कमी होतात असंही म्हणता येत नाही आणि वाढतात असंही नाही, हा तिचा निष्कर्ष. ज्यांना ठाम उत्तर हवं होतं त्यांना हे पळपुटेपणाचं वाटलं. मला तसं वाटत नाही. दोन्ही बाजूंचे राजकारणी दारात उभे असताना "आम्हाला यातून काढता येत नाही" हे लिहायला हिंमत लागते, आणि ते लिहिण्याआधी समितीने स्वतः हिशेब करून पाहिले होते.

मात्र वाटेत एक निर्णय असा घेतला गेला की ज्याची किंमत पुढे मोजावी लागली. कायदा राज्याचा असतो. राज्यातल्या सगळ्या काउंट्यांवर तो एकाच दिवशी लागू होतो आणि त्यांचे खुनांचे आकडेही राज्याच्या एकंदर परिस्थितीबरोबर एकत्र हलतात. एकाच घरातल्या दहा माणसांनी तीच ऐकीव गोष्ट सांगितली म्हणून ती दहा स्वतंत्र साक्षी होत नाहीत, तसंच इथे. तीन हजार काउंट्यांना तीन हजार स्वतंत्र साक्षीदार मानलं की हिशेबातली अनिश्चितता खूपच कमी दिसते आणि लहानसा आकडाही ठाम वाटू लागतो. राज्यनिहाय गट धरून ही अनिश्चितता मोजायची दुरुस्ती तेव्हा अर्थशास्त्रात रूढ होत होती. समितीने ती इथे गरजेची मानली नाही.

एकाचं वेगळं मत

सदस्यांपैकी एक जण बहुमताशी सहमत नव्हते: जेम्स क्यू. विल्सन. फुटक्या खिडकीचा सिद्धान्त, म्हणजे छोट्या बेशिस्तीकडे दुर्लक्ष केलं की मोठे गुन्हे वाढतात हा विचार, १९८२ मध्ये जॉर्ज केलिंग यांच्याबरोबर मांडणारे तेच. त्यांनी अहवालाला जोडून स्वतंत्र टिपण लिहिलं. इतर गुन्ह्यांबद्दलचे निष्कर्ष डळमळीत आहेत हे त्यांना मान्य होतं. पण खुनाबद्दलचे आकडे जवळजवळ सगळीकडे घट दाखवतात, आणि कोणतेही घटक न धरता केलेला हिशेब शास्त्रीय दृष्ट्या निरर्थक आहे, कारण गरिबी आणि लोकसंख्या विसरून गुन्हेगारी कोण मोजतं, असं त्यांचं म्हणणं.

बहुमताने त्याला अहवालातच उत्तर दिलं. घटक न धरलेला हिशेब बरोबर आहे असा आमचा दावा नाही. घटकांची निवड बदलली की उत्तर बदलतं, हे दाखवायला तो ठेवलाय. आणि खुनाचे सगळे आकडे एकसारखे ठामही नाहीत.

विल्सन यांचं टिपण सहज बाजूला सारण्याजोगं नव्हतं. निम्मी गोष्ट त्यांची खरी होती: खुनाकडे वेगळं पाहायला हवं होतं. पण त्याच घटकांसह केलेल्या हिशेबात जबरी चोऱ्या वाढताना दिसतात, याचं काय करायचं, याचं उत्तर त्या टिपणात नाही. एकाच चाळणीतून पडलेल्या दोन निष्कर्षांपैकी एक घ्यायचा आणि दुसरा टाकायचा, तर तसं का, हे सांगावं लागतं. मला बहुमताची बाजू पटते.

निष्पत्ती

अहवाल आला आणि दोन गोष्टी घडल्या. एका बाजूने विल्सन यांचं टिपण उचललं आणि त्याचा झेंडा केला. दुसऱ्या बाजूने बहुमताचं वाक्य उचललं, पण अर्ध्यावर कापून. "कमी होतात असा पुरावा नाही" एवढंच पुढे गेलं. "वाढतात असाही नाही" हे मागे राहिलं. "परिणाम ठरवता येत नाही" याचा अर्थ "परिणाम होत नाही" असा लावणारेही निघाले.

राज्यं मात्र थांबली नाहीत. विधिमंडळांत कायदे होत राहिले. समितीचा अहवाल वाचून एखाद्या राज्याने आपला विचार बदलला असं दिसलं नाही.

संशोधन मात्र बदललं. २०११ मध्ये अभय अनेजा, जॉन डोनाह्यू आणि अलेक्झांड्रिया झँग यांनी समितीच्या हिशेबांची फेरतपासणी केली. साक्षीदारांची ती राज्यनिहाय दुरुस्ती केल्यावर बरेच "ठाम" आकडे ठाम राहिले नाहीत. पुढे डोनाह्यू, अनेजा आणि कायल वेबर यांनी २०१९ मध्ये वेगळीच पद्धत वापरली. त्यांनी प्रत्येक राज्याच्या जोडीला एक कृत्रिम जुळं राज्य तयार केलं. टेक्सासचं उदाहरण घ्या. तिथे कायदा १९९६ पासून लागू झाला. कायदा न केलेल्या राज्यांतून ठरावीक वाट्याने मिसळण करून असं "कृत्रिम टेक्सास" बनवायचं की १९९६ च्या आधीची त्याची गुन्हेगारी खऱ्या टेक्सासशी हुबेहूब जुळेल. त्या मिसळणीत कॅलिफोर्नियाचा वाटा सर्वांत मोठा आणि त्याखालोखाल विस्कॉन्सिनचा होता. मग १९९६ नंतर दोघांच्या वाटा कुठे फुटतात ते पाहायचं. अशा ३३ राज्यांची सरासरी काढल्यावर कायद्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे १३ ते १५ टक्क्यांनी जास्त आढळले. लक्षात ठेवायचं ते हे की हा आकडा एकूण हिंसक गुन्ह्यांचा आहे, खुनाचा नाही. बातम्यांत हा फरक अनेकदा गळतो.

खुनाबद्दल मायकेल सीगल आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास जास्त थेट आहे. परवाना देणं बंधनकारक असलेल्या राज्यांत एकूण खुनांचं प्रमाण ६.५ टक्क्यांनी आणि पिस्तुलाने झालेल्या खुनांचं १०.६ टक्क्यांनी जास्त आढळलं. परवान्याच्या कायद्याचा पिस्तुलाशी संबंध असेल तर वाढ तिथेच सर्वांत ठळक हवी, आणि ती तिथेच आहे. विरुद्ध बाजूही सांगायला हवी. २०१९ मध्ये शल्यचिकित्सकांच्या एका गटाने राज्य पातळीवरची तीन दशकांची आकडेवारी तपासली, त्यांना कायदा आणि खून यांत काहीच संबंध सापडला नाही. तरी झुकाव कुणीकडे आहे ते रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या आढाव्यांत दिसतं. २०१८ च्या आढाव्यात हा पुरावा अनिर्णित होता. २०२३ पर्यंत अशा कायद्यांनी एकूण खून आणि बंदुकीने होणारे खून वाढतात याला पाठबळ देणारा पुरावा आहे, असं मत त्यांनी नोंदवलं.

कारण काय, याचीही उकल थोडी झाली. ४७ मोठ्या शहरांच्या २०२२ च्या एका अभ्यासात बंदूक वापरून केलेले हिंसक गुन्हे कायद्यानंतर सुमारे २९ टक्क्यांनी वाढलेले दिसले. बंदुकांची चोरी सुमारे ३५ टक्क्यांनी वाढली होती, आणि पोलिसांचं गुन्हे उकलण्याचं प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी घटलं होतं. परवानाधारक माणूस बहुधा कायदा पाळणारा असतो, हे समर्थकांचं म्हणणं यात खोटं ठरत नाही. पण तो दुकानात गेला असताना गाडीच्या कप्प्यातून त्याचं पिस्तूल जातं, आणि पुढे ते कुणाच्या हातात पडतं ते त्याच्या हातात राहत नाही.

मग २३ जून २०२२ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा ब्रुएन निकाल आला. सहा विरुद्ध तीन. न्यूयॉर्कची "गरज दाखवा" ही अट घटनाबाह्य ठरली आणि तिच्याबरोबर कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, मेरीलँड, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई या राज्यांतल्या तशाच अटीही कोसळल्या. न्यू जर्सीत आपली बरीच मराठी कुटुंबं राहतात. तिथेही त्या दिवसापासून परवान्यासाठी खास कारण दाखवायची गरज उरली नाही. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती थॉमस यांनी कसोटी दिली ती इतिहासाची आणि परंपरेची. कायद्याचे फायदे-तोटे तोलून पाहायचं काम न्यायालयाचं नाही, असं बहुमताने म्हटलं. न्यायमूर्ती ब्रायर यांनी असहमतीत सुरुवातीलाच २०२० मध्ये बंदुकीने मेलेल्या ४५,२२२ माणसांचा आकडा मांडला. बहुमताच्या कसोटीत त्या आकड्याला जागाच नव्हती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, चौथा पर्याय. २०१२ मध्ये त्याच नॅशनल रिसर्च कौन्सिलने मृत्युदंडामुळे खून कमी होतात का, यावर दुसरी समिती बसवली. तिचे अध्यक्ष डॅनियल नॅगिन होते, म्हणजे फ्लोरिडा बाजूला काढून दाखवणारेच. तिने स्पष्ट लिहिलं की आजवरचे अभ्यास या प्रश्नावर काहीच सांगत नाहीत आणि धोरण ठरवताना ते वापरू नयेत. बंदुकांच्या समितीने असं लिहिलं असतं तर अर्धं वाक्य कापून नेणं अवघड झालं असतं. "ठरवता येत नाही" हे उचलून आपल्या बाजूने वळवता येतं. "वापरू नका" हे वळवता येत नाही.

दुसरं, खून वेगळा काढायला हवा होता. समितीने सगळे हिंसक गुन्हे एका वाक्यात बांधले, आणि विल्सन यांनी खून उचलून त्याच्यावर वेगळं टिपण लिहिलं. बहुमताने स्वतःच एक भाग खुनाला दिला असता, आठ टक्क्यांचं दोन टक्के कसं होतं आणि घटक धरल्यावर जबरी चोऱ्या का वाढतात हे सामान्य वाचकाला कळेल असं लिहिलं असतं, तर असहमतीचं टिपण आलं असतंच, पण त्याचा झेंडा झाला नसता.

तिसरं, साक्षीदारांच्या त्या दुरुस्तीवर आडमुठेपणा नको होता. ही चूक एका कोपऱ्यातली नव्हती, कारण कोणते आकडे ठाम मानायचे हे तिच्यावरच अवलंबून होतं. दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी-शेजारी छापले असते तर सात वर्षांनी दुसऱ्यांना येऊन ते करावं लागलं नसतं.

आणि पैसा. हे समितीच्या हातात पूर्णपणे नव्हतं. १९९६ च्या डिकी दुरुस्तीनंतर (सरकारी आरोग्य निधी बंदूक-नियंत्रणाच्या प्रचाराला वापरू नये, अशी ही तरतूद) सार्वजनिक आरोग्य खात्याने बंदुकांवरचं संशोधन जवळजवळ गुंडाळलं होतं. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, त्यासाठी पुन्हा पैसे ठेवले ते २०२० च्या आर्थिक वर्षात, अडीच कोटी डॉलर, तेही दोन संस्थांत वाटून. ज्या प्रश्नावर रोज माणसं मरतात, त्याचा अभ्यास चोवीस वर्षं उधारीवर चालला. समितीने चांगली आकडेवारी जमवण्याची मागणी केली होती. अहवालापाशी न थांबता त्या एका मागणीवर जोर दिला असता, काँग्रेसच्या समित्यांपुढे जाऊन सातत्याने ती लावून धरली असती, तर आज हातात दुसरं काही असतं, असं मला मनापासून वाटतं.

आता प्रश्नाची जागाही सरकली आहे. व्हर्मॉन्टमध्ये परवाना कधीच लागत नव्हता. अलास्काने २००३ मध्ये, अ‍ॅरिझोनाने २०१० मध्ये, टेक्सासने २०२१ मध्ये, फ्लोरिडाने २०२३ मध्ये परवान्याची अटच काढली. २०२४ मध्ये लुइझियाना आणि साउथ कॅरोलायना यांची भर पडल्यावर अशी राज्यं २९ झाली. ज्या फ्लोरिडापासून ही सगळी कथा सुरू झाली, तिथेही आता पिस्तूल लपवून नेण्यासाठी प्रशिक्षणाचा दाखला दाखवावा लागत नाही. परवाने होते तोवर किती माणसं शस्त्र बाळगतात याची निदान एक खिडकी होती: किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती रद्द झाले. परवाना ऐच्छिक झाला की ती मोजणी अर्धवट होते. १९९७ मध्ये वाद सुरू झाला तेव्हा निदान कायदा बदलल्याची तारीख आणि परवान्यांचा आकडा हाताशी होता. यापुढच्या अभ्यासकाला तारीख मिळेल. रस्त्यावर किती माणसांच्या कमरेला पिस्तूल आहे, हे मात्र सर्वेक्षणं करून विचारावं लागेल, आणि त्यासाठी लागणारी सर्वेक्षणं आत्तापासून दरवर्षी, प्रत्येक राज्यात सुरू करायला हवीत.